खेळाचे अपडेट अडले असता

अंबा नदीला भरती आली म्हणजे मालाने भरलेली गलबते नागोठण्याच्या बंदरास लागत, असे आमच्या गावची वृद्ध मंडळी सांगत असत. माल उतरला म्हणून व्यापारी तो एकदम वखारीत टाकीत नसे. आधी मागणीप्रमाणे माल निघाला की नाही याची खातरजमा होई; मग तो वाहून आणला जाई; धक्क्यावर बीजक हाती घेऊन पोत्यांची मोजदाद होई, फाटलेले वा भिजलेले पोते बाजूस काढले जाई; आणि शेवटी वखारीत जागा पाहून तो रचला जाई. ती वाहतूक आता इतिहासजमा झाली आहे. परंतु आज दुसऱ्या एका प्रकारचा माल तारेतून आणि हवेतून आमच्या घरोघरी येत असतो, आणि त्यातील ज्या मालाची आमचे विद्यार्थिमित्र सर्वांत अधीरतेने वाट पाहतात, तो म्हणजे संगणकावरील खेळाचे अपडेट.

शाळेच्या वार्षिकात खेळाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही सुज्ञ पालक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, मुलांनी किती वेळ खेळावे हे ठरविण्याचा अधिकार घरच्या वडीलधाऱ्यांचा आहे आणि त्यात आम्ही ढवळाढवळ करू इच्छीत नाही. शिवाय खेळ घडविणे ही आज एक प्रतिष्ठित कला झाली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध होऊन देशोदेशी खेळला गेला. तथापि प्रस्तुत लेखाचा हेतू खेळाची थोरवी गाणे हा नव्हे. एखादे यंत्र अडले असता मनुष्याने कोणत्या क्रमाने विचार करावा, हे शिकविण्यास अडलेल्या अपडेटाइतके सोपे आणि मुलांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही, एवढेच त्याचे कारण होय.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. एका पावसाळ्यात इयत्ता नववीचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, संगणक फॉरमॅट कसा करतात?” फॉरमॅट करणे म्हणजे हार्ड डिस्कवरील सर्व लेखन पुसून पाटी कोरी करणे होय.

“का रे बाबा, एवढे काय झाले?” आम्ही विचारले.

“गेम अपडेट होत नाही. चार दिवस झाले. एकाने सांगितले, अँटीव्हायरस बंद कर. ते केले, तरी होईना. आता दुसरा म्हणतो, फॉरमॅट मार म्हणजे सगळे ठीक होईल.”

“संगणक चूक काय दाखवतो?”

“ते वाचले नाही, सर. चौकट आली की मी बंद करतो.”

“त्या संगणकावर खेळाखेरीज आणखी काय आहे?”

“बाबांच्या दुकानाचे हिशेब.”

“आणि त्या हिशेबांची दुसरी प्रत?”

यावर तो मुलगा बोलेनासा झाला. दुसरी प्रत कोठेही नव्हती. एका खेळाच्या अपडेटापायी एका कुटुंबाच्या पोटापाण्याचे वर्षाचे हिशेब त्या सायंकाळी पुसले जाणार होते, आणि तेही चुकीचे कारण न वाचता! आम्ही त्यास म्हणालो, “आज काहीही करू नकोस. घरी जाऊन अँटीव्हायरस पुन्हा चालू कर. बाबांना सांगून हिशेबांची प्रत पेन ड्राइव्हवर घे. मग अपडेट सुरू कर, आणि जी चौकट येईल तीतील अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून उद्या आण.” तो कागद घेऊन येईपर्यंत आपण अपडेट म्हणजे काय ते पाहू.

खेळ म्हणजे संगणकाच्या दृष्टीने शेकडो वा हजारो फायलींचा संग्रह होय. त्यांत चित्रे असतात, ध्वनी असतात आणि आज्ञा असतात. खेळ प्रसिद्ध झाल्यावर त्यातील दोष ध्यानात येतात, नवे भाग जोडावयाचे असतात. म्हणून त्याचे कर्ते काही फायली बदलून पाठवितात. हा बदल आपल्या घरच्या संगणकात आणून बसविणे, यास अपडेट म्हणावे. वर सांगितलेल्या बंदरावरील व्यापाराप्रमाणेच याच्याही चार पायऱ्या आहेत : मागणी, वाहतूक, मोजदाद आणि रचना. अपडेट अडते ते यांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर. कोणती पायरी अडली हे कळले की निम्मे काम झाले. न कळता केलेला प्रत्येक उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड होय.

पहिली पायरी मागणीची. आपला संगणक दूरच्या संगणकास, ज्यास सर्व्हर म्हणतात त्यास, विचारतो की माझ्याजवळ अमुक आवृत्ती आहे, नवी काय आहे? येथे दोघांची ओळख पटावी लागते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो. त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. आपला संगणक ते पारखून घेतो आणि मगच बोलणे पुढे चालते. खेळाच्या खात्यात आपण प्रविष्ट झालेलो नसलो, किंवा सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद असला, तर गाडी येथेच थांबते. यंत्रणा फार जुनी असली तरीही असेच होते. उदाहरणार्थ, स्टीम या सुप्रसिद्ध खेळभांडाराने विंडोज ७, ८ आणि ८.१ यांचा पाठिंबा १ जानेवारी २०२४ पासून काढून घेतला. आणि विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचे सर्वसाधारण साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सबब जुना संगणक विकत घेणाऱ्या पालकांनी त्यावर विंडोजची कोणती आवृत्ती चालते हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरी पायरी वाहतुकीची. येथे थोडे गणित अवश्य आहे. इंटरनेट पुरविणारे वेग सांगतात तो मेगाबिटमध्ये, आणि अपडेटाचा आकार सांगितला जातो तो मेगाबाइट किंवा गीगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. समजा, अपडेट ९ गीगाबाइटचे आहे आणि जोडणीचा वेग दर सेकंदास २० मेगाबिट आहे. ९ ला ८ ने गुणता ७२ गीगाबिट, म्हणजेच ७२,००० मेगाबिट झाले. त्यास २० ने भागता ३,६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास. हे गणित ज्याला येते तो दहाव्या मिनिटाला “अपडेट अडले” म्हणून ओरडत नाही; ज्याला येत नाही तो अर्ध्या वाटेवर संगणक बंद करतो आणि खरोखरीचा बिघाड ओढवून घेतो. वाहतूक खरोखरच थांबली आहे की काय हे पाहण्याचा सोपा मार्ग असा : त्याच राउटरवर घरातील मोबाइल चालतो का ते पाहावे. मोबाइलही चालत नसेल, तर दोष खेळात नसून जोडणीत आहे. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करावा. मोबाइल चालत असेल, तर दोष संगणकात किंवा सर्व्हरकडे शोधावा.

तिसरी पायरी मोजदादीची, आणि ती सर्वांत कौतुकास्पद आहे. आलेला माल वाटेत बिघडला नाही हे संगणकास कसे कळते? प्रत्येक फाइलीवर, किंवा तिच्या प्रत्येक तुकड्यावर, एक विशिष्ट गणित करून एक संख्या काढलेली असते; तीस हॅश म्हणतात. शा-२५६ या प्रचलित रीतीने निघणारी संख्या षोडशमान पद्धतीत ६४ अंकांची असते, मग मूळ फाइल चार ओळींची असो की चार गीगाबाइटची. गंमत अशी की, फाइलीत एका अक्षराचा जरी फरक पडला तरी ही संख्या ओळखू न येण्याइतकी बदलते. पाठविणाऱ्याने सांगितलेली संख्या हे बीजक होय. आपला संगणक आलेल्या मालावर तेच गणित पुन्हा करतो आणि दोन्ही संख्या ताडून पाहतो. त्या जुळल्या नाहीत तर तेवढा तुकडा पुन्हा मागवितो.

हेच साधन आपल्या हातीही दिलेले असते. स्टीममध्ये खेळाच्या नावावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यात ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ येथे गेल्यास फायलींची शुद्धता तपासण्याची आज्ञा मिळते. इतर खेळभांडारांतही ‘व्हेरिफाय’ या नावाने ती असते. ही आज्ञा दिल्यावर संगणक सर्व फायली मोजून बिघडलेल्याच तेवढ्या नव्याने आणतो. पन्नास पोत्यांतील दोन भिजली म्हणून अठ्ठेचाळीस चांगली पोती खाडीत लोटून देणारा व्यापारी आपण मूर्ख ठरवू. परंतु संपूर्ण खेळ काढून टाकून पुन्हा आणणारे विद्यार्थी नेमके तेच करीत असतात.

चौथी पायरी रचनेची, म्हणजे आलेला माल हार्ड डिस्कवर योग्य जागी बसविण्याची. येथे तीन प्रकारचे अडथळे संभवतात. पहिला जागेचा. “अपडेट दोन गीगाबाइटचे आणि जागा मागते तीस गीगाबाइटची, हा काय न्याय?” असे मुले विचारतात. न्याय असा की, मोठी फाइल बदलताना पुष्कळदा तिची नवी प्रत शेजारी पूर्णपणे तयार केली जाते, आणि ती सिद्ध झाल्यावरच जुनी पुसली जाते. नवे घर बांधून होईपर्यंत जुने घर पाडू नये, हा गृहस्थाश्रमाचा नियम येथेही लागू आहे. तसेच ५०० गीगाबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ च भरते, यातही फसवणूक नाही. विकणारा एक गीगाबाइट म्हणजे एक अब्ज बाइट धरतो, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. ५०० अब्जांस या संख्येने भागून पाहावे, म्हणजे उत्तर मिळेल.

दुसरा अडथळा परवानगीचा. ज्या फाइलीवर लिहावयाचे ती दुसऱ्या कोणी धरून ठेवली असेल, किंवा त्या जागी लिहिण्याचा अधिकार चालू खात्यास नसेल, तर लेखन होत नाही. खेळ मागे उघडाच राहिलेला असणे, अँटीव्हायरस ती फाइल तपासत असणे, ही नेहमीची कारणे होत. संगणक रीतसर बंद करून पुन्हा चालू केल्यास धरून ठेवलेल्या बहुतेक फायली सुटतात. म्हणूनच हा जुना उपाय वरवर बावळट दिसला तरी सशास्त्र आहे.

तिसरा अडथळा विजेचा आणि डिस्कच्या प्रकृतीचा. आमच्या भागात हा विशेष ध्यानात ठेवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. आणि तसे वादळ नसले तरी पावसाळ्यात वीज जाणे ही येथे रोजची गोष्ट आहे. फाइल लिहीत असताना वीज गेली तर ती अर्धवट राहते. अशा वेळी वर सांगितलेली शुद्धतेची तपासणी करावी. वारंवार लेखन फसत असेल, तर विंडोजच्या ‘चेक डिस्क’ या साधनाने डिस्क तपासून घ्यावी. आणि डिस्क म्हातारी झाली असे दिसले, तर खेळाचा विचार सोडून प्रथम घरची छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

संगणक चूक झाली असता कधी शब्द दाखवितो, कधी केवळ एक आकडा. मुले त्या आकड्यास घाबरतात. वास्तविक तो गणिताच्या तासाला शोभणारा मित्र आहे. विंडोजवर आढळणारा एक आकडा पाहा : शून्य, एक्स, आणि पुढे ८००७००७०. आरंभीचे ‘शून्य एक्स’ सांगते की पुढील संख्या षोडशमान पद्धतीची आहे. ८ हा अंक सांगतो की काम फसले. त्यापुढील ००७ सांगतात की तक्रार विंडोजच्या मूळ यादीतील आहे. शेवटचे ००७० हा त्या यादीतील क्रमांक. षोडशमानातील ७० म्हणजे आपल्या दशमानात ७ गुणिले १६, अर्थात ११२. आणि विंडोजच्या यादीत ११२ व्या क्रमांकाचा अर्थ ‘डिस्कवर जागा नाही’ असा आहे. याच रीतीने शेवटी ०००५ असेल तर क्रमांक ५, म्हणजे ‘प्रवेशाची परवानगी नाही’. आणि ००२० असेल तर २ गुणिले १६ म्हणजे ३२, ‘फाइल दुसऱ्या कार्यक्रमाने धरून ठेवली आहे’. ज्याने ही फोड केली त्यास कोणती पायरी अडली हे विचारावयास कोणाकडे जावे लागत नाही.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळू. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही, अशा आशयाचा मजकूर त्याने सुवाच्य अक्षरांत उतरविला होता. खाली आपण होऊन त्याने लिहिले होते की, जागा पुष्कळ आहे. त्याच राउटरवर मोबाइल चालतो. संगणक बंद करून चालू केला, फरक नाही. म्हणजे वाहतूक, मोजदाद, रचना यांपर्यंत प्रकरण गेलेच नव्हते. ते मागणीच्या पायरीवरच, ओळख पटविताना अडले होते. ओळख का पटत नसावी याचा विचार करीत आम्ही तो कागद सहज उलटून पाहिला. मुलाने मजकूर लिहिण्यासाठी वडिलांच्या दुकानातील एक रद्द झालेली पावती घेतली होती. तिच्यावर छापलेली तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती, आणि वडिलांनी ती तांबड्या शाईने खोडून हाताने खरी तारीख घातली होती.

“ही तारीख अशी का छापली जाते?” आम्ही विचारले.

“संगणक जुना झाला आहे, सर. तारीख चुकवतो. बाबा रोज हाताने दुरुस्त करतात.”

दोष सापडला होता. आमच्या शाळेत आजूबाजूच्या गावांतून एसटीने येणाऱ्या मुलांजवळ पास असतो. समजा, एखाद्या कंडक्टरच्या हातातील दिनदर्शिकाच काही वर्षांपूर्वीची असली, तर तो अगदी खरा पास पाहूनही म्हणेल, “याची मुदत अजून सुरूच झालेली नाही, उतर खाली.” त्या संगणकाचे तसेच झाले होते. सर्व्हरचे प्रमाणपत्र खरे होते, परंतु संगणकाच्या मते ते अद्याप अमलात यावयाचे होते; आणि न पटलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास न ठेवणे हे त्याचे कर्तव्यच होते.

संगणकाची तारीख का चुकावी? त्याच्या मुख्य पटलावर एक छोटी चपटी बॅटरी असते. तिचे नाव सीआर २०३२. नावातील २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तिचा दाब ३ व्होल्ट असतो. भिंतीवरील बटण बंद असताना किंवा वीज गेलेली असताना ही बॅटरी आतील घड्याळ चालू ठेवते. ती संपली म्हणजे प्रत्येक वेळी वीज जाताच घड्याळ आरंभीच्या तारखेस परत जाते. इंटरनेटवरून वेळ आपोआप मिळवून घेण्याची सोय विंडोजमध्ये असते. पण त्या संगणकात ती कोणी तरी बंद करून ठेवली होती. त्या सायंकाळी मुलाने तारीख व वेळ नीट लावली, ती सोय पुन्हा चालू केली, आणि अपडेट मुकाट्याने सुरू झाले. पुढे वडिलांनी नवी बॅटरी आणून जाणत्याकडून बसवून घेतली. आता पावतीवर तांबडी शाई लागत नाही.

या हकीकतीतील मर्म वाचकांनी लक्षात घ्यावे. वडिलांस तारखेचा दोष ठाऊक होता, मुलास अपडेटाचा दोष ठाऊक होता. एकाच घरात, एकाच यंत्रासमोर बसून दोघे आपापल्या दोषाशी झगडत होते, आणि दोन्ही दोषांचे मूळ एकच होते. अँटीव्हायरस बंद केल्याने घड्याळ दुरुस्त होणार नव्हते. फॉरमॅट केल्यानेही संपलेली बॅटरी भरणार नव्हती. गेले असते ते केवळ हिशेब.

यावरून जो क्रम निघतो तो आम्ही येथे थोडक्यात देतो.

१. चौकटीतील मजकूर व आकडा अक्षरशः उतरवून घ्यावा. वाचल्याशिवाय चौकट बंद करू नये.

२. कोणती पायरी अडली ते ठरवावे : मागणी, वाहतूक, मोजदाद की रचना.

३. आधी जे केवळ पाहण्याने कळते ते पाहावे : तारीख व वेळ, मोकळी जागा, जोडणी.

४. मग जे निरुपद्रवी आहे ते करावे : संगणक व राउटर रीतसर बंद करून चालू करणे, खेळभांडारातून बाहेर पडून पुन्हा प्रविष्ट होणे, अर्धवट उतरलेल्या मालाचा साठा रिकामा करणे, फायलींची शुद्धता तपासणे.

५. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचे फळ लिहून ठेवावे. चार उपाय एकदम केले आणि काम झाले, तरी कशाने झाले ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेस आपण पुन्हा अडाणीच राहतो.

६. जे केल्यावर मागे फिरता येत नाही, ते सर्वांत शेवटी, घरच्या कागदपत्रांची प्रत घेतल्यानंतर आणि वडीलधाऱ्यांस विचारूनच करावे.

याशिवाय दोन निषेध आहेत. अँटीव्हायरस बंद करा असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. चोरीच्या भीतीने ठेवलेला पहारेकरी एका पाहुण्यास अडवतो, म्हणून त्यालाच हाकलून दार सताड उघडे टाकणे हा शहाणपणा नव्हे. खेळ विश्वसनीय भांडारातून घेतलेला असेल, तर केवळ त्याच्या फोल्डरापुरती सूट देता येते. दुसरा निषेध चोरून फोडलेल्या खेळांचा. त्यांस कर्त्याकडून अपडेट मिळत नाही, त्यांबरोबर कोणते विष घरात येईल याची शाश्वती नसते, आणि दुसऱ्याच्या श्रमाचे मोल न देता उपभोग घेणे हे आमच्या शाळेने आजवर शिकविलेल्या प्रामाणिकपणास सोडून आहे. तो पहिल्या दोन कारणांवाचूनही वर्ज्यच ठरतो.

कधी कधी मात्र आपल्याकडे काहीच चुकलेले नसते, हेही ओळखता आले पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षक कार्यक्रम पुरविणाऱ्या कंपनीने पाठविलेले एक सदोष अपडेट जगभर पोहोचले, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांस हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. तेव्हा एकाच वेळी पुष्कळांस एकच अडचण आली आहे असे कळले, तर आपल्या संगणकाची चिरफाड करू नये. कर्त्याकडून दुरुस्ती येईपर्यंत स्वस्थ बसावे. थांबणे हाही एक उपायच आहे, आणि तरुण वयात तो सर्वांत कठीण जातो.

शेवटी नोंदीचे महत्त्व सांगणारी एक जुनी गोष्ट. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात बिघाड झाला. तो खोलीएवढा अवाढव्य संगणक होता. शोध करता करता एका रिलेमध्ये, म्हणजे विजेने चालणाऱ्या कळीत, अडकून मेलेला एक पतंग सापडला. ‘बग’ म्हणजे किडा हा शब्द यंत्रातील दोषासाठी त्याही पूर्वी रूढ होता. येथे खराखुरा किडाच मिळाला. त्या लोकांनी तो झटकून टाकला नाही. त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटविला आणि शेजारी वेळ व हकीकत लिहिली. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रही जपून ठेविलेली आहे. एवढ्या बुद्धिमान मंडळींस वहीत लिहून ठेवण्यात कमीपणा वाटला नाही, तर आम्हां-तुम्हांस का वाटावा?

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलगा वा मुलगी अडलेल्या संगणकासमोर बसलेली दिसली, तर “बंद कर ते” म्हणण्यापूर्वी एकदा शेजारी बसून “काय लिहिले आहे ते वाचून दाखव” असे म्हणावे. कदाचित तुमच्या हातातील पावतीवरच तिच्या प्रश्नाचे उत्तर असेल. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पुढे वैद्य व्हाल, तारतंत्री व्हाल, शेतकरी वा शिक्षक व्हाल. तेव्हा हा खेळ विस्मरणात जाईल, परंतु रोग्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्याशिवाय औषध देऊ नये, हा नियम तुमच्याबरोबर राहील. नववीतील त्या विद्यार्थ्याने अलीकडे एक लहानशी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर ती पावती चिकटविलेली आहे, उलटी नव्हे, तांबड्या शाईची बाजू वर ठेवून.